कबर नसलेल्यांची फातेहा

मेलेल्यांची आठवण कोणी ठेवायची, हा प्रश्न वरवर पाहता सोपा वाटतो. ज्याची त्याने ठेवावी. बापाची मुलाने, उस्तादाची शागिर्दाने, शहिदाची त्याच्या कौमेने. पण ज्यांचे जवळपास कोणी नाही, ज्यांना कबर मिळाली नाही आणि ज्यांचे युद्धही आपले नव्हते, त्यांचे काय करायचे? पुण्यात राहणाऱ्याला हा प्रश्न टाळता येत नाही. खडकीत होळकर पुलाजवळ युद्धातील मृतांचे कब्रस्तान आहे. दुसऱ्या महायुद्धातले १,६६८ जण तिथे पुरलेले आहेत. हिरवळ कातरलेली, दगड एका रांगेत, एका उंचीचे. हुद्दा, वंश, धर्म न पाहता सर्वांना सारखाच दगड द्यायचा, हे १९१७ साली स्थापन झालेल्या युद्धकबर आयोगाचे तत्त्व. ऐकायला ते आपल्या कब्रस्तानाच्या तत्त्वासारखेच आहे. बादशहा आणि भिश्ती दोघांनाही साडेतीन हात जमीन.

मात्र त्यासाठी जमीन हवी, आणि जमिनीत ठेवायला मय्यत हवी. समुद्रात गेलेल्याकडे या दोन्ही गोष्टी नसतात.

१२ फेब्रुवारी १९४४ रोजी दुपारी मालदीव बेटांजवळ 'खेदिव इस्माईल' नावाचे जहाज बुडाले. मोंबासाहून कोलंबोला निघालेला पाच जहाजांचा ताफा होता, त्यातले हे एक. आय-२७ या जपानी पाणबुडीने दोन टॉर्पेडो मारले आणि जहाज दोन मिनिटांच्या आत पाण्याखाली गेले. जहाजावर दीड हजारांच्या आसपास माणसे होती. बहुसंख्य पूर्व आफ्रिकेच्या तोफखान्यातले जवान, बाकी नौसैनिक, परिचारिका आणि जहाज चालवणारे खलाशी, ज्यांत हिंदुस्तानीही होते. १,२९७ माणसे मेली. जहाजाच्या दिवाणखान्यात त्या वेळी गाण्याबजावण्याचा कार्यक्रम चालला होता, म्हणून आत अडकलेल्यांची संख्या मोठी. मृतांमध्ये ७७ स्त्रिया होत्या. जहाजावरच्या एकूण स्त्रियांपैकी सहा वाचल्या.

त्या ७७ जणींतल्या १७ जणी ब्रिटिश नौदलाच्या महिला दलातल्या, म्हणजे 'रेन्स'. या दलातल्या मुली तोफा चालवत नसत. बिनतारी संदेश घेणे, सांकेतिक लिपी सोडवणे, नोंदी ठेवणे, दुर्बिणी आणि यंत्रे दुरुस्त करणे ही त्यांची कामे. किनाऱ्यावर बसलेल्या पुरुषाला जहाजावर पाठवता यावे म्हणून त्याच्या खुर्चीवर मुलगी बसवायची, अशी त्यामागची कल्पना. त्या धर्तीवर १९४४ मध्ये आपल्याकडेही रॉयल इंडियन नेव्हीचे महिला दल निघाले आणि त्यात हिंदुस्तानी मुलीही भरती झाल्या. त्यांच्यातल्या सेकंड ऑफिसर कल्याणी सेन १९४५ मध्ये ब्रिटनच्या दौऱ्यावर गेल्या होत्या. युद्ध संपले, दल संपले, आणि भारतीय नौदलात वैद्यकीय सेवेबाहेर स्त्री अधिकारी यायला १९९२ उजाडले.

त्या १७ जणींतल्या एखादीचा विचार करा. वय वीस-बावीस. घरून हजारो मैल दूर. तिच्या मृत्यूशी पुण्यातल्या मराठी बोलणाऱ्या मुसलमानाचा संबंध काय?

'काहीच नाही' असे उत्तर देणाऱ्याला मी चटकन खोडून काढणार नाही. त्याच्याकडे भक्कम पुरावा आहे, आणि तो याच शहरात आहे. 'खेदिव इस्माईल' बुडाल्यानंतर बरोबर दहा दिवसांनी, २२ फेब्रुवारी १९४४ रोजी, महाशिवरात्रीच्या दिवशी, आगाखान पॅलेसमध्ये कस्तुरबा गांधींचे निधन झाले. ज्या साम्राज्याचा गणवेश त्या १७ मुलींच्या अंगावर होता, त्याच साम्राज्याच्या कैदेत. महादेवभाई देसाई त्याच वाड्यात १५ ऑगस्ट १९४२ रोजी गेले होते. त्याआधीच्या वर्षी, १९४३ मध्ये, बंगालात लाखो माणसे भुकेने मेली, आणि त्यात युद्धाच्या धोरणांचा वाटा होता. हे सगळे डोळ्यांसमोर असताना साम्राज्याच्या नौदलातल्या मुलीसाठी दुआ करायला हात उचलायचे, तर आधी मनाशी हिशेब मांडावाच लागतो.

हा हिशेब मांडताना आपण एक चूक नेहमी करतो. गणवेश पाहून माणसाचे मन ओळखतो. १८ फेब्रुवारी १९४६ रोजी मुंबईत 'तलवार'वरच्या खलाशांनी संप केला, तेव्हा तेही त्याच राजाच्या नौदलातले होते. त्यांच्या मध्यवर्ती संप समितीचे अध्यक्ष होते एम. एस. खान, उपाध्यक्ष मदन सिंग. खराब अन्न आणि अपमान यांवरून सुरू झालेली गोष्ट काही दिवसांत साम्राज्याच्या मुळाशी जाऊन भिडली. आदल्या वर्षापर्यंत हीच माणसे राजाच्या जहाजांवर राजाचे युद्ध लढत होती. त्यांतला एखादा १९४३ मध्ये बुडून मेला असता तर आपण त्याला काय म्हटले असते? साम्राज्याचा चाकर? आणि तोच जगून १९४६ मध्ये संपात उतरला, तर क्रांतिकारक. माणूस तोच. मधे फक्त एक टॉर्पेडो.

हे परक्यांपुरते राहत नाही, कारण आपले कोकण आहे. रत्नागिरी आणि कुलाबा जिल्ह्यांतल्या मुसलमान घरांनी पिढ्यान् पिढ्या जहाजांवर माणसे पाठवली. सारंग, तांडेल, सुकाणी, आगवाले, भंडारी ही नुसती हुद्द्यांची नावे नाहीत, कित्येक घरांची ओळख आहे. दुसऱ्या महायुद्धात नौदलात आणि व्यापारी जहाजांवर मेलेल्या हिंदुस्तानी दर्यावर्दींची संख्या सहा हजारांहून अधिक आहे. त्यांच्यासाठी दगडांची रांग नाही. मुंबईत मशीद बंदराजवळच्या खलाशीगृहात त्यांच्या नावांचे एक पुस्तक आहे आणि त्याची दुसरी प्रत चितगावला. खडकीच्या दगडाजवळ माणूस थांबतो. पुस्तक कोणीतरी उघडावे लागते.

या खलाशांना आपण काय म्हणायचे? ते फासिझमविरुद्ध लढायला गेले नव्हते. साम्राज्याच्या प्रेमापोटीही नाही. वरकस जमिनीत नाचणी पिकवून वर्ष निघत नव्हते म्हणून गेले. गोऱ्या खलाशापेक्षा कितीतरी कमी पगारावर, बॉयलरच्या पोटात कोळसा ओढत. जहाजाला खालच्या बाजूला भोक पडले की पहिले मरणार ते. त्यांना हुतात्मा म्हणणे खोटे होईल आणि गद्दार म्हणणे हलकटपणा होईल. आपल्या भाषेत त्यांच्यासाठी एकच साधा शब्दप्रयोग आहे: दर्यात गेला. मला तो पुरेसा वाटतो. त्यात निवाडा नाही.

आपल्या धर्मपरंपरेने समुद्रातल्या मरणाचा विचार बारकाईने केलेला आहे. बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांतल्या हदीसनुसार पाण्यात बुडून मेलेला शहिदांत मोजला जातो. रणांगणावरच्या शहिदापेक्षा त्याचे नियम वेगळे. त्याची मय्यत मिळाली तर गुसल द्यायचा, जनाजा पढायचा. शहादत आखिरतची. किनारा दूर असताना जहाजावर कोणी वारला तर कफन घालून, नमाज पढून त्याला पाण्यात सोडावे. आणि इमाम शाफईंचे म्हणणे असे की दोन फळ्यांमध्ये बांधून सोडावे, म्हणजे लाटांनी तो कुठल्यातरी किनाऱ्याला लागेल आणि कोणीतरी त्याला माती देईल. केवढा भरवसा आहे यात! ओळख ना पाळख अशा कुणाच्या तरी हातांवर टाकलेला.

आणि मय्यतच नसेल तर? इथे आपल्यातच दोन वाटा आहेत. हनफी फिकहमध्ये गैरहजर मय्यतीची नमाज नाही. शाफई फिकहमध्ये आहे, आणि कोकणी मुसलमान शाफई. आधार आहे हबशाच्या नजाशीचा. तो दूर आपल्या मुलखात वारला आणि पैगंबरांनी (स.) मदिनेत त्याचा जनाजा पढला. पुण्यातली आपली बहुतेक वस्ती हनफी. त्यामुळे दर्यात गेलेल्याचे पुण्यात आणि दापोलीत वेगवेगळे होते, असे कुणी म्हणाले तर ते अगदीच खोटे नाही. पण ज्या जमातीची अर्धी घरे समुद्रावर जगली, तिच्या वाट्याला गैरहजराचा जनाजा मानणारे फिकह यावे, हा योगायोग मोठा दिलासा देणारा आहे.

'खेदिव इस्माईल'वरची मुलगी मात्र बहुधा ख्रिस्ती. तिच्यासाठी जनाजा नाही, मगफिरतीच्या दुआबद्दल उलेमांचे म्हणणे सर्वांना माहीत आहे, आणि मी त्या वादात शिरत नाही. पण आठवण म्हणजे फक्त मगफिरतीची दुआ नव्हे. एका यहुद्याची अंत्ययात्रा जात असताना पैगंबर (स.) उठून उभे राहिले. तो तर यहुदी होता, असे कुणी म्हणताच त्यांनी विचारले की तो एक जीव नव्हता काय? ही हदीसही बुखारी-मुस्लिममध्येच आहे आणि आपल्या वाज-तकरिरीत ती फार कमी ऐकू येते. उभे राहणे ही दुआ नाही, सहमतीही नाही. त्या यहुद्याने आयुष्यभर काय केले, कुणाच्या बाजूने होता, याची चौकशी तिथे झाली नाही. त्या मुलीच्या बाबतीत मी एवढाच दावा करतो.

आता कठीण भागाकडे येतो. 'खेदिव इस्माईल' बुडाल्यावर जे पाण्यात तरंगत होते, त्यांची कहाणी तिथे संपली नाही. ताफ्याबरोबर 'पेटार्ड' आणि 'पॅलाडिन' या विनाशिका होत्या. पाणबुडीचा माग लागला तो नेमका बुडणाऱ्यांच्या खाली. ती तिथून निसटली तर ताफ्यातली बाकीची चार सैनिकवाहू जहाजे धोक्यात. म्हणून पाण्यात जिवंत माणसे हातपाय मारत असताना त्यांच्यामध्येच पाणबुडीविरोधी स्फोटके सोडली गेली. नंतर पाणबुडी वर आली, तास-दोन तास झुंज चालली आणि अखेर 'पेटार्ड'ने ती बुडवली. स्फोटके सोडायचा हुकूम ज्याने दिला, त्याच्याच बाजूची माणसे त्या पाण्यात होती.

अशा निवडीबद्दल मुसलमान विचारवंतांनी नऊशे वर्षांपूर्वी लिहून ठेवले आहे. इमाम गझाली यांच्या 'अल-मुस्तस्फा'मध्ये हा प्रश्न येतो. शत्रूने मुसलमान कैद्यांची ढाल केली आहे. तीर मारला तर कैदी मरतील, न मारला तर शत्रू सगळ्यांना संपवील. गझाली तीन अटी घालतात. गरज टळू न शकणारी हवी, परिणाम खात्रीचा हवा, आणि संकट सबंध समाजावरचे हवे, काही जणांवरचे नव्हे. जरूरी, कतई, कुल्ली. या तिन्ही पुऱ्या झाल्या तरच तीर. आणि मग ते दुसरे उदाहरण देतात, जे वाचून मी थबकलो, कारण ते जहाजाचेच आहे. जहाज बुडते आहे, एकाला बाहेर फेकले तर बाकीचे वाचतील. गझाली म्हणतात, नाही. जहाजावरचे लोक म्हणजे सबंध समाज नव्हे, संख्या जास्त म्हणून कुणाचा जीव घेता येत नाही, आणि चिठ्ठ्या टाकूनही नाही.

'पेटार्ड'च्या प्रसंगाला यातले कुठले उदाहरण लागू? जहाजातून फेकल्या जाणाऱ्या माणसाचा जीव हेच इतरांच्या सुटकेचे साधन असते. पोहणाऱ्यांचा मृत्यू कुणाच्या उपयोगाचा नव्हता. नेम पाणबुडीवर होता. म्हणजे प्रकरण ढालीचे. मग अटी तपासाव्या लागतात. गरज होती, असे म्हणता येईल. खात्री? यंत्राच्या प्रतिध्वनीवरून पाणबुडी तिथे आहे हे कळत होते, ती पुढे काय करील हे नाही. पुढचा हल्ला हा अंदाज होता, सबळ असला तरी अंदाज. आणि चार जहाजांवरचे हजारो लोक ही मोठी संख्या असली, तरी गझालींच्या अर्थाने ती कुल्ली नाही. या कसोटीवर तो हुकूम बसत नाही.

तरीही पुलावर उभ्या असलेल्या त्या कप्तानाला मी गुन्हेगार म्हणू शकत नाही. त्याच्या हातात मिनिटे होती. पाणबुडी सुटून रात्री दुसरे जहाज बुडाले असते, तर आज आपण त्याला उलट्या बाजूने दोष दिला असता. गझालींची कसोटी कप्तानापेक्षा नंतरच्या लोकांना, म्हणजे स्मारके उभारणाऱ्यांना आणि भाषणे देणाऱ्यांना, जास्त लागू पडते असे मला वाटते. 'ते करावेच लागले' हे वाक्य पाण्यात नसलेल्या माणसाने सहजी उच्चारू नये.

आपल्या फिकहमध्ये आणखी एक गोष्ट आहे जी आधुनिक युद्धनीतीच्या चर्चेत मला सापडत नाही. चुकून झालेल्या हत्येत गुनाह नसतो, पण काम संपत नाही. दियत द्यायची, कफ्फारा भरायचा. गुलाम आझाद करायचा, ते शक्य नसेल तर सलग दोन महिने रोजे. सूरह निसामध्ये हे स्पष्ट आहे. ढाल केलेल्या कैद्याच्या बाबतीत फकिहांमध्ये मतभेद आहेत. हनफी म्हणतात की परवानगीच आहे तर देणे कसले. शाफईंचा कल कफ्फारा मागण्याकडे. या ठिकाणी मी जन्माने हनफी असूनही शाफईंच्या बाजूला आहे. दोष नाही म्हणून देणेही नाही, हे गणित माणसाला फार लवकर मोकळे करते. ज्याच्या हातून बेकसूर माणूस मेला त्याने दोन महिने उपाशी राहावे, म्हणजे साठ दिवस, रोज पहाटे, त्या माणसाची आठवण व्हावी. कफ्फाऱ्याचा मला कळलेला अर्थ हा.

राष्ट्रे रोजे ठेवत नाहीत. त्यांच्याकडे त्याच्या जवळपास जाणारी एकच गोष्ट आहे: खरे सांगणे. एप्रिल २०२१ मध्ये त्या युद्धकबर आयोगाने स्वतःच नेमलेल्या समितीचा अहवाल प्रसिद्ध केला आणि माफी मागितली. पहिल्या महायुद्धात मेलेल्या आफ्रिकी, हिंदुस्तानी आणि इतर वसाहतींतल्या सैनिकांपैकी ४५,००० ते ५४,००० जणांचे स्मरण गोऱ्यांच्या बरोबरीने झाले नाही. किमान १,१६,००० आणि कदाचित ३,५०,००० पर्यंत माणसांची नावे कुठे कोरलीच गेली नाहीत. म्हणजे एकसारख्या दगडाचे ते तत्त्व, ज्याचे मी सुरुवातीला कौतुक केले, जगभर सारखे पाळले गेले नव्हते. शंभर वर्षांनी का होईना, हे त्यांनी आकड्यांसह सांगितले. आपल्याकडच्या किती संस्थांनी असे केले आहे, हा प्रश्न इथे विचारत नाही, नाहीतर लेख भलतीकडे जाईल.

नूर इनायत खानचे नाव वाचकांच्या मनात केव्हाच आले असेल. ती नौदलात नव्हती. हवाई दलाच्या महिला शाखेतून गुप्त सेवेत गेली. सूफी हजरत इनायत खान यांची मुलगी. पणजोबा मौलाबक्ष यांनी सयाजीराव गायकवाडांच्या आश्रयाने बडोद्यात गायनशाळा काढली, म्हणजे मराठी राज्याशीही या घराण्याचा धागा जुळलेला. अहिंसेच्या संस्कारात वाढलेल्या, जातककथा मुलांसाठी सांगणाऱ्या या मुलीने जून १९४३ मध्ये जर्मनांच्या ताब्यातल्या फ्रान्समध्ये बिनतारी संदेशाचे काम पत्करले. ऑक्टोबरमध्ये पकडली गेली. १३ सप्टेंबर १९४४ रोजी दाखाउच्या छळछावणीत तिला गोळी घातली. वय तीस. तिलाही कबर नाही. १९४९ मध्ये जॉर्ज क्रॉस मिळाला, २०१२ मध्ये लंडनच्या गॉर्डन चौकात पुतळा बसला. हिंदुस्तानच्या स्वातंत्र्याची बाजू ती मुलाखतीतही लपवत नव्हती, असे तिच्या चरित्रात आहे. कस्तुरबांच्या बाजूची असून तिने साम्राज्याचा गणवेश घातला. मघाचा हिशेब इथे पुरता कोलमडतो.

पण नूरबद्दल मला एक तक्रार आहे, तिच्याबद्दल नव्हे, आपल्याबद्दल. मुसलमान देशभक्त असतात, स्त्रिया शूर असतात, सूफी मवाळ असतात, असे काहीही सिद्ध करायचे असले की आपण तिला पुढे करतो. साक्षीदार म्हणून बोलावतो आणि काम झाले की परत पाठवतो. गोव्याच्या समुद्रात २४ मार्च २०१५ च्या रात्री नौदलाचे डॉर्नियर विमान कोसळून लेफ्टनंट किरण शेखावत गेल्या, तेव्हाही बातम्यांतला पहिला शब्द होता 'पहिली'. कर्तव्यावर मरण पावलेली भारतीय नौदलातली पहिली स्त्री अधिकारी. काळ युद्धाचा नव्हता, सरावाचे उड्डाण होते. त्याच जानेवारीत दिल्लीच्या संचलनात नौदलाच्या महिला तुकडीबरोबर त्या चालल्या होत्या. त्या पहिल्या नसत्या, सातव्या असत्या, तर आपल्याला त्यांचे नाव ठाऊक असते का? त्या १७ जणींतली एकही कशात पहिली नव्हती. पूर्व आफ्रिकेच्या तोफखान्यातले ते शेकडो जवानही नव्हते, आणि बॉयलरजवळचे खलाशी तर नव्हतेच.

दरवर्षी २२ फेब्रुवारीला आगाखान पॅलेसमधल्या समाधीवर फुले वाहिली जातात, आणि ती वाहिलीच पाहिजेत. १२ तारीख त्याआधी दहा दिवस येते. त्या दिवशी खडकीत जाऊन काही उपयोग नाही, कारण त्या जहाजावरचे तिथे कोणी नाही. मशीद बंदरच्या पुस्तकात मात्र त्या वर्षाची, त्या समुद्राची नावे आहेत. मुंबईला जाणाऱ्या कुणीतरी एकदा ते उघडायला सांगावे. आपल्याकडची नावे अनेक निघतील. शेख, काझी, मुकादम, परकार. ती मोठ्याने वाचली तरी चालेल. मध्ये एखादे आफ्रिकी किंवा ख्रिस्ती नाव आठवले, तर तेही.